पऱ्हाटीच्या खुंट्या

परवा धाकट्याच्या नव्या घरी स्वयंपाकघरातली कपाटं बसवायला एक माणूस आला होता. त्यानं माझ्यासमोर फरशीवर पिशवी उलटी केली. पितळी, लोखंडी, पांढऱ्या प्लास्टिकच्या, बटणासारख्या, चमच्यासारख्या, फळीखाली लावायच्या नाना तऱ्हेच्या खुंट्या. "आजोबा, यातल्या कोणत्या बसवू? फळी पाहिजे तेव्हा वर घेता येईल, पाहिजे तेव्हा खाली." मी म्हणालो, "बाबा, फळी जिथं आहे तिथं चार खिळे ठोक आणि मोकळा हो." सून हसली. म्हाताऱ्याला नव्यातलं काही कळत नाही, असं तिला वाटलं असणार. तिला काय सांगावं, की या विषयातला आमच्या भागातला पहिला तज्ज्ञ मीच, आणि माझ्या तज्ज्ञपणानं आमच्या घरातलं एक माणूस कमी झालं. सांगायला बसलो तर दुपार जाते, आणि हल्ली दुपारी मला झोप लागते. म्हणून लिहून ठेवतो.

मानवतला आमचं घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होतं. हंगामात सकाळी भोंगा व्हायचा आणि मग दिवसभर यंत्राची घरघर. ती थांबली की कान बसल्यासारखे वाटायचे. हवेत कापसाचे तंतू तरंगत असायचे. ते वरणात पडायचे, दुधात पडायचे, झोपलेल्या माणसाच्या मिशीत अडकायचे. आमच्या वरणात जिरं कमी आणि कापूस जास्त, असं सरूकाकू म्हणायची. दादा, म्हणजे माझे वडील, जिनिंगात मुकादम. दिवसभर यंत्राच्या वरताण ओरडून त्यांच्याकडचे शब्द संपून जात. घरी आले की "पाणी", "भाकर" आणि "बरं" या तीन शब्दांवर त्यांचा संसार चाले. बाकीचा संसार माय चालवायची. आम्ही चार भावंडं, आडाचं पाणी, जात्यावरचं दळण, आणि तिची कायमची धरलेली कंबर. माझ्या आठवणीत माय बसलेली दिसते ती फक्त चुलीपुढं, आणि ते काही बसणं नव्हे.

सरूकाकू म्हणजे माझ्या काकांची बायको. काका हिवतापानं गेले, पोरबाळ नव्हतं, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी आणि गुडघ्याएवढी चिनीमातीची बरणी घेऊन आमच्याकडं राहायला आली. बरणी तिच्या आईची. मला सगळ्यात जास्त वाढवलं ते काकूनंच. तिच्या हातची ज्वारीची भाकरी अशी फुगायची की दादासुद्धा चौथा शब्द काढायचे, "आणखी." हा शब्द मायच्या भाकरीला कधी मिळाला नाही. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पोटभर जेवणाऱ्याला भाकरीपलीकडचं काही दिसत नसतं.

तर निजाम गेला, राज्य बदललं. कचेऱ्यांतली उर्दू गेली, मराठी आली, आणि जुन्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, निघाला. दादांनी एके दिवशी चार हमालांच्या खांद्यावरून एक सागवानी अलमारी घरी आणली. माय दारातच म्हणाली, "हे काय? मुडदा आणल्यावाणी चौघांच्या खांद्यावर?" अलमारी मोठी भक्कम, आत शाईचा आणि जुन्या कागदांचा वास, कडेला उर्दूत लिहिलेल्या चिठ्ठ्या. फळ्या मात्र एकही नाही. हर्राजाच्या आधीच कुणीतरी पळवल्या होत्या. मी तेव्हा घरीच होतो. शिकलो उर्दूत आणि परीक्षा आली मराठीत. असा दोन्ही भाषांत सारखाच नापास झालेला. दादा माझ्याकडं आणि त्या पोकळ अलमारीकडं आळीपाळीनं बघून म्हणाले, "दोघंबी रिकामे. फळ्या बसव." त्यांच्या मानानं हे भाषणच झालं.

मदतीला गफूरमिस्त्री आले. त्यांनी अलमारीत डोकं घालून बघितलं आणि सांगितलं, दोन्ही अंगाला आडव्या पट्ट्या ठोकायच्या, वर फळ्या ठेवायच्या, तासाभराचं काम. हे मला फारच अडाणी वाटलं. मी परभणीला एका वाचनालयात पुस्तकांचं कपाट पाहिलं होतं. आतल्या दोन्ही बाजूंना छिद्रांच्या रांगा, छिद्रांत खुंट्या, खुंट्यांवर फळी. पुस्तक उंच असलं की फळी एक छिद्र वर. मी ते मिस्त्रींना हात नाचवून समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "मालूम है बाबू. एक दाते की पट्टी बी रहती, करवत के जैसी. चारी कोपऱ्यांत उभी ठोकायची, दात्यांत आडवी पट्टी अडकवायची. वो मजबूत. पण मेहनत लय." मग बिडी पेटवून त्यांनी पुढचं सांगितलं, "मेरी सुनो तो पट्ट्या ठोको. फळी को हिलने की आदत नक्को लगाव. एकदा लागली की माणसाला बी लागती."

मी खुंट्या निवडल्या. मजबूत म्हणून नाही, दात्यांच्या पट्टीपेक्षा मेहनत कमी म्हणून. तरी ती नको तितकी निघालीच. डाव्या बाजूच्या खुणा मी मिस्त्रींच्या गजानं केल्या, दर दोन तसूंवर एक. दुपारी ते गज घेऊन दुसऱ्या कामावर गेले. मी थांबतो कशाला? उजव्या बाजूच्या खुणा शाळेच्या फूटपट्टीनं केल्या, दर दोन इंचांवर एक. तसू इंचाहून थोडा मोठा असतो, हे मला ठाऊक होतं, पण 'थोडा' म्हणजे अगदी थोडा असेल अशी माझी समजूत होती. गिरमिटानं दोन्हीकडं पुढं-मागं दोन रांगांत पंधरा-पंधरा छिद्रं पाडली आणि अभिमानानं दहाव्या छिद्रावर फळी ठेवली. ती घसरगुंडीसारखी उतरली. काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "दत्ता, निजामाचं राज्य डाव्या अंगाला अजून हाय व्हय रं?" मी उजवी बाजू लाकडाच्या बुचांनी बुजवून पुन्हा पाडली.

राहिल्या खुंट्या. तीन फळ्या, बारा खुंट्या. मिस्त्री सांगून गेले होते की बाभळीच्या गाभ्याच्या कर आणि दोन दिवस तेलात भिजव. बाभळीचा गाभा तासून कुणी पाहिला असेल तर त्याला माझी दया येईल. दोन दिवसांत चार खुंट्या झाल्या आणि तितकेच फोड. पाचवीला बसलो तेव्हा समोर परसात पऱ्हाटीचा ढीग दिसला. कापूस वेचून झाला की उपटून आणलेली वाळकी झाडं. मानवतात प्रत्येक चुलीत तीच जळायची. बुडखा बोटाएवढा जाड, सरळ, हवा तितका फुकट. मी आठ तुकडे कापले, तासले, आणि मिस्त्रींना कळू नये म्हणून बाराच्या बारा खुंट्या करडईच्या तेलात काजळी कालवून काळ्या केल्या. बेत असा, की बाभळीच्या चार मधल्या, जड फळीखाली घालायच्या. पण रंगवण्याचं काम मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मन लावून केलं, की शेवटी कोणती बाभळीची आणि कोणती पऱ्हाटीची हे मलाच ओळखू येईना. वजनावरून कळलं असतं. पण जेवायची वेळ झाली होती.

अलमारी स्वयंपाकघरात लागली. वरच्या दोन फळ्या मायच्या: डाळींचे डबे, तिखट, आणि मधल्या फळीवर घरच्या लोणच्याची मोठी बरणी. मधल्या फळीखालचा भाग काकूचा: तिच्या उपासाची भगर, शेंगदाणे, गूळ, आणि तिच्या आईची ती उंच बरणी. आता मधली फळी एक छिद्र वर घेतली की काकूची बरणी झाकणासकट उभी राहायची, पण वर मायचे डबे आडवे ठेवावे लागायचे. एक छिद्र खाली घेतली की डबे उभे आणि बरणी बाहेर. पट्ट्या ठोकल्या असत्या तर ज्या दिवशी जे ठरलं ते ठरलं असतं. दोघी चार दिवस कुरकुरल्या असत्या आणि विसरल्या असत्या. पण फळी हलत होती! माय सरपणाला गेली की फळी वर जायची. काकू आडावर गेली की खाली यायची. एक शब्द कुणी बोलायचं नाही. बोलणं असायचं ते भाकरी थापताना, तव्याकडं बघून.

"आज कपाट बारीक झालंय वाटतं," माय म्हणायची.

"उंदरं हलवत असतील, अक्का."

"उंदरांना खुंट्या काढता येतात व्हय गं?"

"शिकलेली असतील. घरात शिकलेलं लय झालंय."

यावर मी खो खो हसायचो. इथवर आलोच आहे तर हेही लिहितो. दोनदा ती फळी मी हलवली. दोघी घरात नसताना, निव्वळ पुढं काय होतं ते बघायला. त्या दोन्ही दिवशी दोघी एकमेकींशी अजिबात बोलल्या नाहीत, आणि मला ती करमणूक पुरली. दिवसभर राबून थकलेल्या दोन बायकांना वीतभर जागा आपली म्हणायला हवी होती, हे समजायला मला स्वतःच्या घरात दोन सुना याव्या लागल्या.

त्या वर्षी लोणचं घातलं तेव्हा कैऱ्या काकूनंच फोडल्या होत्या. मसाला मायनं कालवला. बरणी भरून, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून मधल्या फळीवर ठेवली. आठ दिवस झाले असतील. एकादशी होती. काकू उपासाची भगर काढायला अलमारीपुढं उकिडवी बसली. मी ओसरीवर होतो. आधी 'कट्' असा बारीक आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. मग फळी, डबे, बरणी, सगळं एकदम. धावत गेलो तर काकू लोणच्यात बसलेली, डावं मनगट उजव्या हातात धरून. तेल उंबऱ्याकडं वाहत चाललेलं. परसातून माय आली.

"सरू! फळी कामून हलवलीस?"

"आईची आण, अक्का. आज हात सुदीक लावला न्हाई मी."

"मग फळीला काय पाय फुटले? वर्साचं लोणचं माझं..." मायचा आवाज चिरकला. "कुणाचा हात लागावा त्याला तरी..."

ती तिथंच थांबली, पण वाक्य सगळ्यांना पूर्ण ऐकू आलं. लोणच्याला विधवेचा हात लागला की ते नासतं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. आमच्या घरात ते कधी कुणी म्हटलं नव्हतं. काकूनं मायकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं. उठली आणि परसात जाऊन हात धूत बसली. बराच वेळ धूत बसली.

मी चौकटीत उभा होतो. समोर अलमारीच्या डाव्या बाजूला छिद्रात मोडक्या खुंटीचं बूड दिसत होतं. वर काजळी, आत पऱ्हाटीचा पांढराफेक भेंड. एवढंच बोलायचं होतं, 'माय, खुंटी माझी मोडली.' चार शब्द. ते बोललो असतो तर काकूचं राहणं टिकलं असतं, हे त्या क्षणीही मला कळत होतं. मी काय केलं? पुढं होऊन ते बूड अंगठ्यानं आत दाबलं. नंतर खुंटीचा दुसरा तुकडा शोधायला गेलो, पण तोवर मायनं सगळं पुसून घेतलं होतं. तुकडा काही मिळाला नाही. सुटलो, असं वाटलं. रात्रीच्या जेवणात दादांनी विचारलं, "लोणचं?" मायनं ताटात मीठ वाढलं. ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू दादांना म्हणाली, "भावजी, चार दिवस गंगाखेडला जाऊन येते." तिथं तिचा भाऊ होता. दोन खोल्या, आठ माणसं आणि जिभेची तिखट भावजय. अशा घरी बाई चार दिवसांसाठी पेटी घेऊन जात नसते. दादांनी मायकडं पाहिलं. माय चुलीत फुंकर घालत होती. धूर डोळ्यांत गेल्यासारखं तिनं केलं. दादांनी मला पोचवायला सांगितलं.

टांग्यात स्टेशनपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा टांगेवाला घोड्याला शिव्या देऊ लागला. दुसऱ्यांदा मला खोकला आला. तिसऱ्यांदा मी विचारलं, "काकू, पाणी पितीस का?" स्टेशनावर लिंबाच्या सावलीत पेटीवर ती बसली. हळदीचं फडकं बांधलेला हात मांडीवर. उन्हानं रूळ थरथरत होते. तेव्हा कुठं माझ्या तोंडून फुटलं.

"काकू, फळी तू हलवली न्हाईस."

"मला म्हाईत हाय की."

"खुंटी मोडली. मी केलेली. पऱ्हाटीची होती."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसली, खरंच हसली. "पऱ्हाटीची! अरं मुडद्या, त्यापरीस पापडाची करायचीस. मोडली असती तर खाल्ली तरी असती."

"मी आत्ता घरी जाऊन सांगतो. तू जाऊ नको. चल माघारी."

"कुणाला सांगतोस?"

"मायला."

हसणं विरलं. ती रुळांकडं बघत म्हणाली, "अक्काला ठावं हाय. तेल पुसताना तो तुकडा तिला घावला. उलटापालटा करून बघितला, छिद्राला लावून बघितला, अन् चुलीत सारला. मी पाण्याची घागर घेऊन दारात हुबी होते."

"मग तू बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू? वाट बघितली. म्हटलं, आता म्हणंल, 'सरू, चुकलं माझं.' भाकरी थापताना म्हणंल. ताट वाढताना म्हणंल. न्हाई म्हणली." तिनं फडक्याची गाठ सारखी केली. "तिचा बी दोष न्हाई रं. माझ्या भाकरीचं कौतुक ऐकत तिनं किती वर्सं काढली. ती थकली, मी बी थकले. एका चुलीपुढं दोन थकलेल्या बाया कशाला?"

"मी दादांना सगळं सांगतो."

"खुंटीचं सांग. तुझं हाय, सांग अन् मार खा. पण मी बघितलं, हे अक्काला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. माझं काय, मी चालले. तिला त्या घरात राहायचंय."

मी मान हलवून कबूल केलं. गाडी आली. मी पेटी चढवली. ती खिडकीशी बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. कोळशाचा धूर होता, त्यामुळं कशासाठी पुसत होती ते सांगता येत नाही.

घरी येऊन मी दादांना खुंटीचं सांगितलं. मार मिळाला नाही. मिळाला असता तर बरं झालं असतं, पण ते इतके दमलेले होते की त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी गफूरमिस्त्रींनी येऊन तिन्ही फळ्यांखाली पट्ट्या ठोकल्या. दादांनी मायला विचारलं, "मग सरूला आणाय कोण जातं?" माय म्हणाली, "तिचे चार दिवस तर होऊ द्या." ते चार दिवस झाले, मग पावसाळा आला, पेरण्या आल्या, कापसाचा हंगाम आला. कुणीच गेलं नाही. मीही नाही. काकू पुढं लग्नकार्याला यायची, पाहुण्यासारखी पाटावर बसायची, मायच्या हातची भाकरी खाऊन "छान झालीय, अक्का" म्हणायची आणि तिसऱ्या दिवशी निघायची. ती गंगाखेडलाच वारली, भावाच्या ओसरीवर.

त्या दिवशी मी स्टेशनावरून आलो तेव्हा मायनं विचारलं होतं, "सरू काही बोलली?" मी "न्हाई" म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, "माझ्याबद्दल?" मी पुन्हा "न्हाई" म्हणालो. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

त्यानंतर हा विषय तिनं फक्त एकदा काढला. शेवटच्या आजारात, बाजेवर पडलेली असताना, काकू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मी पाय चेपत होतो. डोळे मिटलेले ठेवूनच ती म्हणाली, "दत्ता, खरं सांग. ती त्या दिवशी ठेसनावर माझ्याबद्दल काय बोलली?"

सांगून टाकावं, असं मनात आलं. पण काकूला दिलेला शब्द आड आला, आणि खरं सांगायचं तर माझा जुना भित्रेपणाही. मी म्हणालो, "काही न्हाई, माय. काहीच बोलली न्हाई."

मी दुसरा पाय चेपायला घेतला. मला वाटलं, झोप लागली.

"बोलली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.